मीठ बघायला आलेला पाहुणा

आमच्या सांगलीच्या स्टेशनातून एक गाडी जाते, तिच्या पाटीवर शेवटचं नाव गोंदिया असतं. लहानपणापासून ते नाव वाचत आलो. कॉलेजला जाताना वाचलं, बायकोला माहेरी पोचवताना वाचलं, टेलिफोन खात्यातून निवृत्त झालो तरी वाचतच होतो. पण त्या पाटीच्या दुसऱ्या टोकाला खरंच एक गाव आहे, तिथं माणसं जेवतात, भांडतात, झोपतात, हे काही डोक्यात कधी आलं नाही. शेवटी युसूफनं फोनवर झाडलं तेव्हा तिकीट काढलं.

युसूफ म्हणजे माझा खात्यातला सोबती. बारा वर्षं आम्ही एका टेबलावर डबा खाल्ला. तो मूळचा गोंदिया जिल्ह्यातला, निवृत्तीनंतर गावी थोरल्या भावाजवळ जाऊन राहिला. "ईदला शीरखुर्मा खायला सगळेच येतात," तो म्हणाला. "तू रमजानात ये. भुकेच्या दिवसांत येतो तो खरा पाहुणा."

निघताना सुलभानं, म्हणजे आमच्या सौभाग्यवतींनी, गोळ्यांची डबी दिली आणि वर हुकूम दिला की मीठ जपून खायचं. चार वर्षांपूर्वी डॉक्टरनी माझ्या रक्तदाबावर बोट ठेवलं आणि हिनं आमच्या मिठाच्या बरणीवर. तेव्हापासून आमच्या घरातली आमटी देवाच्या नैवेद्यासारखी सात्त्विक असते. सुरुवातीला मी जेवणावरून उठून जायचो. आता सवय झाली आहे.

सतरावा रोजा

तिरोड्याला वीज केंद्राच्या चिमण्या दिसल्या आणि थोड्याच वेळात ती जन्मभर वाचलेली पाटी खरी झाली. गोंदिया! उतरल्या उतरल्या पहिला धक्का असा की इथं सगळे हिंदीच बोलत होते. रिक्षावाला हिंदी, हमाल हिंदी. मी माझ्या सांगलीच्या मराठीत पत्ता विचारला तर एक जण मोठ्या कौतुकानं म्हणाला, "पुने से आए क्या?" सांगलीच्या माणसाला पुण्याचा म्हणणं ही शिवी आहे, हे त्याला कोण सांगणार!

युसूफ फलाटावर उभा होता. दाढी पांढरी झालेली, बाकी होता तसाच. त्यानं मला थेट चहाच्या टपरीवर नेलं. मी म्हटलं, अरे तुझा रोजा, तुझ्यासमोर मी कसा पिऊ? "पी ना बे," तो म्हणाला. "तुझ्या चहानं माझा रोजा तुटत असता तर तो रोजा कसला?" मी चहा प्यायलो. तो समोर उभा राहून माझ्याकडे अशा प्रेमानं बघत होता की मला बिस्कीट मागवायचा धीर झाला नाही.

तिथून छोट्या गाडीनं अर्जुनी, पुढं ऑटोनं गाव. दोन्ही बाजूंना पळस पेटलेला आणि मधे हिरवागार धान. मार्चमध्ये! आमच्याकडं या दिवसांत ऊस सोडला तर रान भाजून निघालेलं असतं. इथं इटियाडोह धरणाचं पाणी कालव्यानं येतं आणि उन्हाळ्यातही पिकं उभी असतात.

घरी भाभींनी, युसूफच्या बायकोनं, ताट वाढून ठेवलं होतं. घरात सगळ्यांचे रोजे, आणि मी एकटा पाटावर बसून वरणभात, वांग्याची भाजी आणि पापड खातोय. पापड मोडला तो आवाज साऱ्या घरात गेला. मी तो तोंडात धरून भिजवून खाल्ला.

संध्याकाळी अजान झाली, खजूर तोंडात पडला, आणि युसूफ म्हणाला, "चला, अठरावी तारीख लागली." मला वाटलं उपवासानं गडी भ्रमला. मग कळलं की यांच्याकडं तारीख रात्री बाराला बदलत नाही, सूर्य बुडला की बदलते. आमच्या ऑफिसात ही पद्धत असती तर युसूफ रोज उद्याच्या तारखेचं काम आज केलं म्हणून बढती मागत बसला असता.

अठरावा रोजा

पहाटे साडेचारच्या आत खाऊन घ्यायचं, त्याला सहरी म्हणतात. मला कुणी उठवलं नव्हतं, पण भाकरी थापल्याचा आवाज ऐकून झोपणारा मी नव्हे. एकदा सहरीला आणि एकदा दुपारी अशा दोन पंक्ती मी उठवल्या. यजमान उपाशी आणि पाहुणा दुप्पट, असा हिशेब चालला होता.

दुपारी आम्ही कालव्यावर गेलो. युसूफ नमाजीआधी हातपाय धुवायला बसला, त्याला वुजू म्हणतात. हात मनगटापर्यंत, चूळ, नाक, तोंड, कोपरापर्यंत हात, ओला हात डोक्यावरून, शेवटी पाय. चूळ भरताना पाणी घशाकडं जाऊ नये म्हणून तो इतका जपत होता की मला माझंच पाणी पिणं बेशिस्त वाटायला लागलं. आणि समोर अख्खा कालवा वाहत असताना हा गडी एका तांब्यात सगळं उरकतोय!

"अरे, घे की भरपूर. तुझ्या बापाचं काय जातंय?"

"वाहत्या नदीच्या काठी बसलास तरी पाणी वाया घालवू नको, असं आम्हाला सांगितलंय," तो म्हणाला. आमच्या गल्लीत नळ आला की अंगण, गाडी आणि शेवटी रस्ता धुणारे लोक डोळ्यांसमोर आले, आणि त्यांत मी स्वतःही होतो.

त्यानं पश्चिमेकडं तोंड करून, काब्याच्या दिशेला, नमाज पढली. नंतर बांधावर बसून मी माझे सगळे प्रश्न काढले. बारा वर्षं एका टेबलावर डबा खाऊनही मी हे कधी विचारलं नव्हतं, याची लाजही वाटली. तो साधंच बोलला. अल्ला एक. त्याला मूर्ती नाही, भागीदार नाही, त्याला कुणी जन्म दिला नाही. महंमद पैगंबर हे त्याचे शेवटचे दूत. ही साक्ष, दिवसातून पाच वेळा नमाज, रमजानचे रोजे, गरिबांसाठी जकात, आणि जमेल त्याला एकदा हज.

"आणि या सगळ्याच्या आधी नियत," तो म्हणाला. "मनात काय धरून केलं ते. नुसता दिवसभर उपाशी राहिला तर तो उपाशी माणूस. नियत केली तर रोजेदार."

"म्हणजे माझं पगारवाढीचं उपोषण रोजा नव्हतं."

"तुझं उपोषण? तू उपोषणात टेबलाखाली भडंग खात होतास!" हे मात्र खरं होतं.

एकोणिसावा रोजा

आता हनीफभाईंची ओळख करून द्यायला हवी, कारण इथून पुढची सगळी भानगड त्यांची आणि माझी आहे. हनीफभाई म्हणजे युसूफचे थोरले भाऊ. वय सत्तर, मूर्ती किरकोळ, मनगटं मात्र पैलवानाची. पंचक्रोशीतल्या लग्नांत पन्नास वर्षं यांनी देगी चढवल्या. देग म्हणजे माणूस आत बसून अंघोळ करील एवढा तांब्याचा हंडा. आता लग्नांचं काम थांबवलंय, पण वर्षातून एक देग त्यांची असते. विसाव्या रोज्याला मशिदीच्या अंगणात सगळ्या गावाची इफ्तार होते. हिंदू, बौद्ध, गोंड, सगळे येतात. त्या दिवशीचा दालचा हनीफभाईंच्या हातचा. डाळ, दुधी आणि मटण एकत्र शिजवून केलेलं ते कालवण, सोबत इथला चिन्नोर तांदूळ.

पण स्वयंपाक करणारा रोजेदार. चाखणार कोण?

"जिभेच्या टोकाले लावून थुकलं तर चालते म्हनतात," हनीफभाई मला सांगत होते. "पन मह्या जिभेवर मले भरोसा नाई जी. पन्नास साल झाले, चमचा तोंडात गेला का घास खाली. जवानीत एकदा असंच चाखलं न गिळलं. रडत रडत मौलानाजवळ गेलो. ते म्हनले, भुलून खाल्लं तर रोजा तुटत नाई, अल्लानंच खिलवलं समज. मी खूश! दुसऱ्या दिवशी पुन्हा भुललो. तिसऱ्या दिवशी मौलाना म्हनले, हनीफ, आता तुले भुलायची आठवन राहून राहिली."

तेव्हापासून चाखायचं काम शेजारच्या मेश्रामभाऊंकडं आलं. मेश्रामभाऊ बौद्ध, धानाची शेती, हनीफभाईंचे शाळेपासूनचे मित्र. स्वयंपाकघरात भिंतीला एक खिळा आहे, त्यावर एक लाकडी चमचा टांगलेला. तो मेश्रामचा चमचा. वर्षातून एकदा उतरतो, दुसरं कुणी त्याला हात लावत नाही.

गेल्या वर्षी त्या दिवशी मेश्रामभाऊ तापानं पडले होते. हनीफभाईंनी अंदाजानं मीठ टाकलं आणि घोटाळा झाला, दोनदा टाकलं गेलं. एवढ्या माणसांनी घास तोंडात घेतला आणि पाणी मागितलं. मशिदीच्या कमिटीत तरुण पोरं आहेत, त्यांनी यंदा गोंदियाहून केटरर सांगायचं ठरवलं होतं. युसूफनं हातापाया पडून एक वर्ष मागून घेतलं. यंदा बिघडलं तर हनीफभाईंची देग कायमची पालथी.

आणि यंदा नेमके मेश्रामभाऊ डोळ्याच्या ऑपरेशनला नागपुरात लेकीकडं. येतो म्हणालेत, पण डॉक्टर सोडतील तेव्हा.

हे सांगताना म्हाताऱ्याचा हात त्या खिळ्याकडं जात होता. मला वाईट वाटत होतं. तेवढ्यात युसूफ माझ्याकडं बोट करून उसळून म्हणाला, "अरे, आपला पाटील आहे ना! भाईजान, हा ऑफिसच्या कँटीनात चटणीत मीठ किती दाणे कमी आहे ते सांगायचा. जीभ नाही, तराजू आहे तराजू!"

हनीफभाईंनी माझ्याकडं पाहिलं. तो चेहरा मी विसरणार नाही. बुडत्याला काठ दिसावा तसा.

इथं मी तोंड उघडून सांगायला हवं होतं की बाबांनो, ती जीभ चार वर्षांपूर्वी वारली. पण सांगलीचा माणूस, त्यात कौतुक झालेलं! मी मिशीवर हात फिरवला आणि म्हणालो, "काळजी सोडा."

विसावा रोजा

सकाळपासून मशिदीच्या अंगणात चुलवण पेटलेलं. मला हनीफभाईंनी घरी सांबार निवडायला बसवलं. मी सांबाराचं पातेलं शोधत घरभर फिरलो, मग कळलं की इथं कोथिंबिरीला सांबार म्हणतात. भाभी पदर तोंडाला लावून हसत होत्या.

दुपारनंतर देग चढली. कांदा परतताना हनीफभाईंचे ओठ हलत, काही तरी पुटपुटत होते. चार वाजता डाळ आणि मटण एकजीव झालं आणि त्यांनी घरच्या खिळ्यावरून आणलेला चमचा धुऊन, दोन्ही हातांनी माझ्यापुढं धरला.

मी फुंकर मारली, चाखलं, डोळे मिटले. अहाहा! काय सांगू! चार वर्षांत असं काही जिभेला लागलं नव्हतं. मीठ कसं ठणठणीत!

"बस्स," मी म्हणालो. "आता एक कणसुद्धा नको."

हनीफभाई थबकले. मुठीत मीठ होतं. "अंदाज म्हनते का आनखी लागन."

"गेल्या वर्षी अंदाजानंच घात केला ना?" मी म्हणालो. म्हणालो खरा! आज आठवलं तरी स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते. त्यांनी मान हलवली आणि मूठ परत डब्यात सोडली.

साडेपाचला घरी आलो तर सुलभाचा फोन आला. मी मोठ्या रुबाबात सगळं सांगितलं. मग ती म्हणाली, "तुम्ही मीठ बघितलंत? तुम्ही? अहो, दिवाळीत तुम्ही चिवडा खारट म्हणालात म्हणून मी पुढच्या घाण्यात मीठ कमी घातलं, आणि आलेल्या प्रत्येक पाहुण्यानं वरून मीठ मागून घेतलं. विसरलात?"

मी मशिदीकडं धावलो. अंगणात पोचलो तर चटया अंथरलेल्या, लोक ओळीनं बसलेले, पुढं खजूर आणि सरबत. हनीफभाई धुवट पांढऱ्या कपड्यांत, डोळे मिटून, हात वर करून बसलेले. मी युसूफला बाजूला ओढून खरं सांगितलं. तो कपाळाला हात लावून मटकन बसला.

"भाईजानला सांगतो," मी म्हणालो.

"आता नको," तो म्हणाला. "रोजा सोडायच्या आधीची दुआ कबूल होते म्हणतात. भाईजान काय मागतायत तुला माहितीय? मिठाचंच मागत असतील. मी खजूर वाटणार, मग लगेच नमाजीची जमात उभी राहील. आम्ही सगळे आत असताना तूच काही तरी कर."

"पण चाखणार कोण?"

आणि अजान झाली. सगळ्यांनी खजूर तोंडात घातला, पाणी प्यायलं आणि रांगा आत गेल्या. बाहेर उरलो मी, देग, आणि चटईवर गप्पा मारणारे गावकरी. मी एकेकाचा चेहरा बघत होतो. कुणावर विश्वास टाकावा?

तेवढ्यात फाटकातून काळा गॉगल घातलेला एक उंच म्हातारा पिशवी सांभाळत आला. कुणीतरी हाक मारली, "आले का जी मेश्रामभाऊ!" मी धावत जाऊन त्या अनोळखी माणसाचा हातच धरला आणि एका दमात सगळा गुन्हा कबूल केला. त्यांनी गॉगलमधून माझ्याकडं पाहिलं, सरळ देगीकडं गेले. चमचा मागितला, चाखलं.

"काऊन जी," ते म्हणाले, "तुमच्याकडं मीठ भेटत नाई का? पुरी आळनी लावली न!"

आतून इमामसाहेबांचं पठण ऐकू येत होतं. मेश्रामभाऊंना वाकायची आणि धुरात जायची मनाई होती. म्हणून ते लांब उभे राहून हुकूम सोडत होते आणि मी हमाल. उकळत्या पाण्यात मीठ विरघळवून ओत, दोन्ही हातांनी डाव धरून तळापासून हलव, चमचा त्यांना नेऊन दे. "आनखी." पुन्हा ओत, पुन्हा हलव. माझा शर्ट घामानं चिंब. युसूफनं सांगितलं होतं की मगरिबच्या, म्हणजे या संध्याकाळच्या नमाजीच्या, तीन रकाती, म्हणजे फेऱ्या, असतात, दोनमध्ये पठण मोठ्यानं होतं आणि तिसरीत मनातल्या मनात. अचानक आतला आवाज थांबला. तिसरी रकात लागली! मेश्रामभाऊंनी शेवटचा चमचा तोंडात धरला.

"हां," ते म्हणाले. "आता हनीफची देग झाली."

लोक बाहेर आले, पंगत बसली. हनीफभाई स्वतः जेवायला बसले नाहीत, खांबाला टेकून घास घेणाऱ्यांची तोंडं बघत राहिले. कुणी पाणी मागितलं नाही. नुसता भुरके मारल्याचा आवाज. मग कमिटीचा जावेद, केटररचा आग्रह धरणारा तोच, रिकामी ताटली घेऊन उभा राहिला.

"चाचा, अगले साल..."

हनीफभाईंचा चेहरा पांढरा पडला.

"अगले साल देग थोडी बडी लगेगी. मेरेको दुबारा नहीं मिला."

सत्तर वर्षांचा माणूस तिथंच खाली बसला आणि खांद्यावरच्या रुमालानं डोळे पुसायला लागला. मलाही राहवेना. मी शेजारी बसून सगळं सांगून टाकलं, रक्तदाब, मिशीवरचा हात, सगळं.

"तुमची नियत काय होती जी?" त्यांनी विचारलं.

"शान मारायची."

ते खो खो हसले. "आळनी हाय हे मले वासावरूनच समजलं होतं. नमाजीत मन लागलं नाई. पन पाहुन्याले खोटं कसं पाडू? अल्लावर सोडलं न कपाळ टेकवून सज्द्यात गेलो." मग मेश्रामभाऊंकडं बोट करून म्हणाले, "याले इचारा, आज सकाळपासून काय खाल्लं?"

"चमचाच खाल्ला," मेश्रामभाऊ म्हणाले. दरवर्षी देगीच्या दिवशी ते चाखेपर्यंत पोटात काही घेत नाहीत. भरल्या पोटाला मीठ कळत नाही म्हणतात. ऑपरेशन झालेला डोळा घेऊन, उपाशीपोटी, दिवसभर बसमध्ये धक्के खात हा माणूस एका चमच्यासाठी आला होता. आणि मी सहरी खाऊन वर दुपारी दोनदा भात घेऊन तोच चमचा तोंडात घातला होता. मला जागच्या जागी गाडून घ्यावंसं वाटलं.

एकविसावा रोजा

पहाटे मी उठून सहरीला बसलो आणि सांगितलं की आज मीही रोजा धरणार. युसूफ वैतागला. "तुला कुणी सांगितलंय? आजाऱ्याला माफ आहे, मुसाफिराला माफ आहे, आणि तू तर मुसलमानही नाहीस! तीन-तीन सवलती सोडून कशाला मरतोस?" मी म्हटलं, नियत केली आहे. गोळी सहरीला घेतली, संध्याकाळची नंतर घेईन. गरगरलं तर सोडीन.

दिवसाचं वर्णन करत नाही. एवढंच सांगतो की चारच्या सुमाराला मी कालव्याकडं ज्या नजरेनं बघितलं, त्या नजरेनं मी लग्नात सुलभाकडंही बघितलं नव्हतं.

अजानीच्या वेळी चौघं अंगणात बसलो. मी खजुराकडं हात नेला तर हनीफभाईंनी तो अडवला. इथले काही जुने लोक मिठानं रोजा सोडतात म्हणे. त्यांनी माझ्या तळहातावर चिमूटभर मीठ ठेवलं. अजान सुरू झाली. मी ते जिभेवर घेतलं.

"कसं हाय?" त्यांनी विचारलं. मेश्रामभाऊ गॉगल कपाळावर चढवून माझ्या तोंडाकडं बघत होते.

डोळ्यांत पाणी आलं, ते कशानं हे विचारू नका. "खारट," मी म्हणालो. "लई खारट."

हनीफभाईंनी समाधानानं मान हलवली आणि आतल्या भाभींना हाक मारली, "अगं, तो हातोडा दे बरं. मेश्रामच्या चमच्याबाजूले आनखी एक खिळा ठोकाचा हाय."